तातायची गांडुळं

सिंगापूर
९ जून १९९६

इंदाय मिनिंग,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, चिठोरं! 'आम्ही बरे आहोत, ताताय बरा आहे, यंदा आंबा बरा झाला.' सगळं आपलं बरं! अगं, फिलिपिन्स सोडून, आपलं गिमारास बेट सोडून मला चार वर्षं झाली. इथे चौदाव्या मजल्यावर परक्याच्या म्हातारीला भरवते, पुसते, खुर्चीतून फिरवते, आणि घरची खबर म्हणून सख्खी धाकटी बहीण मला 'बरं' पाठवते? शाईला काय सोन्याचा भाव आलाय का तिकडे?

मला तातायच्या गांडूळखताच्या खोक्याचं सांग. तातायला लिहिता येत नाही, सही करतानासुद्धा जीभ बाहेर येते त्याची. पण त्याच्या गांडुळांवरून मला बापाची तब्येत कळते. वरचं ओलं पोतं रोज बदललं जातंय, केळीचं सोपट बारीक चिरून घातलं जातंय, म्हणजे म्हातारा ठणठणीत. खोक्याला मुंग्या लागल्या असं तू लिहिलंस, की मी समजते, खोक्याच्या पायांखालच्या डब्यांत पाणी घालायला तो वाकत नाहीये, कंबर धरलीये. मागे एकदा तू लिहिलं होतंस की तो गांडुळांवर ओरडत होता, 'खाऊन खाऊन माजलीत, कामाला लागा!' म्हणून. ते वाचून मी इतकी हसले, की म्हातारी दचकून जागी झाली.

आता नीट ऐक आणि त्यालाही वाचून दाखव. नाताळला माझा करार संपतोय. ह्या खेपेला नवा करणार नाही. मॅडमला तोंडावर सांगून टाकलंय. तिने तोंड एवढं केलं, पण मी बधले नाही. नानाय गेली तेव्हा लेक असून मी तिच्याजवळ नव्हते, ते अजून आत डाचतं. आता मला तातायजवळ बसायचंय. त्याचे पाय चेपत, त्याच्या शिव्या खात. बोटीतून उतरून वर चढून आले, की तो मला अंगणात उभा दिसला पाहिजे. बस्स. दुसरं काही मागत नाही मी देवाजवळ.

त्याला म्हणावं, मी येईपर्यंत आंब्यावर चढलास तर बघ. शिडी सरपणात घालीन.

तुझी,
मानांग साल्विंग


गिमारास
१८ जुलै १९९६
(हे पत्र तेव्हा पाठवलं नाही.)

मानांग,

ताताय गेला.

गेल्या गुरुवारी गेला. काल पुरलं, नानायच्या शेजारी. सहा रात्री घरात ठेवला होता. तियो बेर्तो दावावहून बोटीने निघाला होता, भावाचं तोंड बघायचं म्हणत होता, म्हणून थांबलो.

सगळा गाव लोटला होता. रात्रभर जागरणाला प्रार्थना, पत्ते, कॉफी. किती पातेली कॉफी उकळली, किती अडोबोचं मांस रांधलं, किती पान्सितच्या शेवया परतल्या, मला शुद्ध नव्हती. आणि आपली रीत तुला ठाऊकच आहे. माणूस घरात निजलेला असताना झाडू लावायचा नाही, कचरा उंबऱ्याबाहेर टाकायचा नाही. पाहुण्याने ताटातलं घरी न्यायचं नाही, नाहीतर मरण त्याच्या मागोमाग त्याच्या घरी जातं. शेजारच्या डुकरालासुद्धा द्यायची सोय नाही. उष्टं साठत गेलं, माश्या घोंगावायला लागल्या. आपली म्हातारी तियाय मोनांग म्हणाली, अगं, ते खोकं आहे ना पडवीत, घरातल्या घरातच तर आहे. मी सगळं त्यात ओतलं. म्हटलं, रीत मोडली नाही आणि त्या जिवांचंही पोट भरलं. त्यांना तरी आता कोण घालणार आहे?

तुला कसं कळवू? नानायची तार आली तेव्हा तू पाहुण्यांना सूप वाढत होतीस. मॅडमने तार सगळ्यांदेखत वाचली, आणि तू तशीच वाढत राहिलीस, पुढची वाटी, पुढची वाटी. त्यानंतर तू मला लिहिलं होतंस, 'पुन्हा कधी अशी बातमी मला कागदावर पाठवू नकोस, मिनिंग. मी दारात येईन तेव्हा सांग. तुझा हात माझ्या पाठीवर असू दे, मग सांग.'

ते मी कशी विसरेन? नाताळ काय, पाच महिन्यांवर आलाय. तोवर कळ काढीन. गावातल्या सगळ्यांना हात जोडलेत, ज्यांच्या ज्यांच्या मुली तिकडे आहेत त्यांना तर शपथ घातलीये.

तो कसा गेला ते लिहायला हातच धजत नाही.

मिनिंग


गिमारास
४ ऑगस्ट १९९६

मानांग साल्विंग,

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, रागवू नकोस. घरात पाहुणे होते.

ताताय बरा आहे. आंब्यावर चढत नाही, शिडी मीच लपवलीये. तू नाताळला येणार ते सगळ्यांना सांगितलं.

एक विचारायचं होतं. खोक्याचं काहीतरी बिनसलंय. आंबूस घाण वास येतो, पडवीत उभं राहवत नाही. गांडुळं खाली राहतच नाहीत. भिंतीवर चढतात, झाकणाच्या आतल्या बाजूला गुंता करून लटकतात. सकाळी बघावं तर जमिनीवर पडून वाळलेली असतात. काल आत हात घातला तर गरम लागलं, आजारी माणसाच्या कपाळासारखं. वर पांढरे बारीक किडे पसरलेत. मी वरून पाणी ओतलं तर वास आणखीच वाढला.

ताताय म्हणतो, साल्विंगला विचार, तिला कळतं. लवकर लिही. ही गांडुळं गेली तर मला फार वाईट वाटेल. म्हणजे तातायला.

तुझी,
मिनिंग


सिंगापूर
१८ ऑगस्ट १९९६

इंदाय मिनिंग,

ताताय मला विचारतो? मला? आज सूर्य कुठून उगवला गं? ज्या माणसाने खोक्याला हात लावला म्हणून माझ्या बोटांवर पळी मारली होती, तो म्हणतो साल्विंगला कळतं! माझी परीक्षा घेतोय थेरडा. नाहीतर इतक्या वर्षांत एकदा तरी त्याने मला शहाणी म्हटलंय का? वाचून दाखव त्याला हे. मान डोलवून गालातल्या गालात हसला, तर समज मी पास झाले.

तर ऐका, महाराज.

पहिलं, खायला घालणं बंद. एक शीतसुद्धा नाही. वरून पाणी कशाला ओतलंस, बये? आधीच त्यांना श्वास घ्यायला जागा नाही, त्यात तू त्यांना बुडवायला निघालीस. झाकण काढ. आंबलेलं सगळं हाताने उचलून बाहेर टाक, नाक दाबून का होईना. मग जुने पेपर फाड, वाळकं सोपट चीर, दोन्ही पाण्यात भिजव आणि कचकचून पीळ. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब सुटला पाहिजे, त्याहून जास्त ओलं नको. ते एका बाजूला भर. जिवंत आहेत ती आपल्या पायाने तिकडे येतील. पाय नाहीत त्यांना, पण येतील. अंड्याची टरफलं कुटून भुरभुरव, आंबटपणा मारायला. पुढे खायला घालशील ते मूठभर, एकाच कोपऱ्यात, खाली दाबून. ते संपलं की मगच पुढचं. वासावर लक्ष ठेव. आंब्याच्या बुंध्यापाशी पाचोळा उकरल्यावर येतो ना, तसा वास आला की समज संसार सुरळीत चाललाय.

आता मला सांग, तू घातलंस काय त्यात? भिंतीवर उगाच नाही चढत ती. तेल? मीठ? व्हिनेगर? कालामान्सी लिंबाच्या साली? तातायच्या नजरेखाली हे झालंच कसं? खोक्यापाशी माशी बसली तरी तो खुर्चीतून उठतो.

खरं सांगू का, मला भीती वाटतेय. तो विसरायला लागलाय का गं, मिनिंग? इथल्या म्हातारीचं तसंच सुरू झालं होतं. रोजचं काम आधी हातातून गेलं, मग माणसं गेली. तसं असेल तर लपवू नकोस. एक सप्टेंबरच्या रविवारी दुपारी गावातल्या टेलिफोन ऑफिसात त्याला घेऊन ये, मी लावते. बोलायला लाजतो, ठाऊक आहे मला. नुसता खोकला तरी चालेल. तेवढंही पुरेल मला.

तुझी,
मानांग


गिमारास
८ सप्टेंबर १९९६

मानांग,

फोनला आम्ही येऊ शकलो नाही. वादळाने तारा पडल्या होत्या, ऑफिसच बंद होतं. तू वाट बघत बसली असशील, हेच दिवसभर मनात होतं. आणि तातायला एवढा घाट उतरवून गावात कसं नेणार?

तो काही विसरलेला नाही. तू उगाच काळजी करू नकोस. शांत असतो. कशाला नाव ठेवत नाही. तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं, अगदी त्याच्या खुर्चीसमोर बसून वाचलं.

तू म्हणालीस तसं सगळं केलं. उंटावरून शेळ्या हाकतेस म्हणून आधी राग आला होता, पण बरोबर निघालं तुझं. आंबलेलं उपसायला बसले तर तीन बादल्या निघाल्या. वर भाताचा गोळा, बुरशी येऊन निळा पडलेला. त्याखाली पान्सित. अडोबोचं तेल तर सगळीकडे उतरलं होतं, व्हिनेगरचा भपकारा येत होता. कॉफीचा चोथा पातेलंभर असेल, फोडून काढावा लागला. बिस्किटं. मेणाच्या वड्या. सांपागीताच्या माळा, फुलं कुजलेली आणि दोरे तसेच. सगळ्यात खाली गांडुळं नव्हतीच, मानांग. नुसता चिखल होता. मी हाताने चाचपत राहिले. वाटलं, एवढी होती, कुठे गेली सगळी?

एका कोपऱ्यात मूठभर सापडली, पेपराच्या घडीत शिरून बसलेली. ती मडक्यात ठेवलीत, पिळलेल्या सोपटात. रोज सकाळी उघडून बघते.

पाहुणे होते म्हणून सांगितलं ना, त्यांचं उष्टं होतं ते. माझीच चूक. तातायने काही म्हटलं नाही.

तू जेवत जा वेळेवर.

तुझी,
मिनिंग


सिंगापूर
२२ सप्टेंबर १९९६

मिनिंग,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा स्वयंपाकघरात, एकदा संडासात कडी लावून आणि आता चर्चच्या पायरीवर बसून.

पातेलंभर कॉफीचा चोथा. आपल्या घरात दिवसाला दोन कप कॉफी होते.

कोणाकडे पाहुणे आले, जेवण उरलं, तर ते शेजारच्या डुकराला जातं. आपल्या घरातून वर्षानुवर्षं तसंच गेलंय. तू ते तिकडे दिलं नाहीस. बाहेर खड्ड्यातही टाकलं नाहीस. उंबऱ्याच्या आत ठेवलंस, नासेपर्यंत. कुठल्या घरात असं करतात, मिनिंग? मी इथे चार वर्षं आहे, पण काही वेडी झालेली नाही. आणि सांपागीताच्या माळा. आणि मेण.

पलीकडच्या गावची ती लुसिंग दर रविवारी माझ्याच बाकावर बसायची. ऑगस्टपासून मागे जाऊन बसते. मला वाटलं, माझं काही चुकलं की काय.

मी स्वतःची समजूत घालून पाहिली. म्हटलं, तियाय मोनांग गेली असेल आणि तिला आपल्या घरात ठेवलं असेल. म्हटलं, आणखी कोणी असेल. कोणीही असू दे, आणि देव मला ह्या विचाराबद्दल काय हवी ती शिक्षा देऊ दे.

पण मला एकच सांग. तू त्या खोक्यात अडोबो ओतत होतीस, तेव्हा ताताय कुठे होता?

साल्विंग


गिमारास
६ ऑक्टोबर १९९६

मानांग,

तो पुढच्या खोलीत होता. चार मेणबत्त्यांच्या मध्ये.

जुलैत लिहिलेलं पत्र सोबत ठेवलंय. तेव्हा पाकिटात घातलं नव्हतं. का घातलं नव्हतं ते त्यातच आहे. तूच म्हणाली होतीस ना, कागदावर नको, दारात सांग? मी रोज दाराकडे बघून तालीम करायची. ती इथे उभी असेल, पिशवी मी आधी हातातून घेईन, मग हात पाठीवर ठेवीन, मग सांगेन. एवढंच ठरवलं होतं मी. तुझी फसवणूक करायची असं माझ्या मनातही नव्हतं.

आणि एकदा खोटं लिहिलं की पुढचं आपोआप येतं गं. 'ताताय म्हणतो' असं लिहिलं की तेवढा वेळ तो खरंच म्हणतोय असं वाटायचं. तुझं ते परीक्षेचं पत्र मी त्याच्या खुर्चीसमोर वाचलं, ते खोटं नव्हतं. खुर्ची रिकामी होती, एवढंच लिहिलं नाही.

खोकं जगवायचं होतं ते तुझ्यासाठीच. वाटलं, ताताय नाही देता येणार तुला, निदान त्याची गांडुळं तरी हातात देईन. तर तीही माझ्याच हाताने मारून बसले. मला कुठे ठाऊक होतं व्हिनेगरचं? त्याने कधी मला हात लावू दिला? तुला शिकवलं त्याने. मला म्हणायचा, तू स्वयंपाक बघ.

शिव्या दे, काय वाटेल ते लिही, पण लिही.

मिनिंग


सिंगापूर
२० ऑक्टोबर १९९६

मिनिंग,

देते शिव्या. बस ऐकत.

हो, मी लिहिलं होतं तसं. आई गेल्यावर माणूस काहीही लिहितं. त्या दिवशी मी मॅडमला शाप दिले, देवाला दिले, तार आणणाऱ्या पोऱ्यालाही दिले. ते सगळं तू खरं धरून चाललीस का? मग माझं एवढंच वाक्य बरं उचललंस!

तियो बेर्तोसाठी थांबलात. आयुष्यात कधी भावाला पोस्टकार्ड टाकलं नाही त्या माणसाने, त्याच्यासाठी सहा रात्री थांबलात. मला कळवलं असतंस तर मॅडमने सोडलं नसतं, असंच ना? नसतंच सोडलं. मला ठाऊक आहे. पासपोर्ट तिच्या कपाटात आहे. पण मी इथे रडले असते ना! म्हातारीला भरवता भरवता रडले असते, भांडी आपटली असती. नऊ दिवस प्रार्थना म्हटली असती. काळा कपडा घातला असता. तू मला तेवढंही करू दिलं नाहीस. चाळीस दिवस आत्मा घराच्या आसपास असतो म्हणतात. एकोणचाळिसाव्या दिवशी मी त्याला थेरडा म्हणून पत्र लिहीत होते, मिनिंग. मी विनोद करत होते. पास झाले का विचारत होते.

आता काळा कपडा घातला तर मॅडम विचारते, कधी गेले वडील? जुलैत म्हटल्यावर माझ्याकडे अशी बघते, जणू मीच खोटारडी. तीन महिन्यांपूर्वी गेलेल्या माणसासाठी कसं रडायचं, ते मला येत नाही.

खोकं मेलं तर मरू दे. त्याबद्दल तू रडू नकोस. तुला शिकवलं नाही ही त्याचीच चूक. तू स्वयंपाक बघ म्हणे! स्वयंपाक बघत बघत तूच बघितलंस त्याला इतकी वर्षं, मी नाही. ते मला कळतं. रागात असले तरी कळतं.

पण तू जुलैत लिहिलंस, तो कसा गेला ते लिहायला हात धजत नाही. आता धजू दे. पुरलं कसं, गाव किती लोटला, फादर काय बोलले, ह्यातलं काही नको मला. मला त्याचे शेवटचे दिवस हवेत. काय खाल्लं, कुठल्या कुशीवर होता, माझं नाव घेतलं का. वाईट असेल तर वाईट लिही. मी दारात उभी आहे असं समज, हात ठेव आणि सांग.

साल्विंग


गिमारास
३ नोव्हेंबर १९९६

मानांग,

काल स्मशानात सगळा गाव मेणबत्त्या लावून बसला होता. मी तुझ्या नावाने वेगळी लावली, वाऱ्याने विझली की परत लावली. घरी आले आणि लिहायला बसले.

जूनच्या शेवटी त्याला सर्दी झाली. नेहमीसारखीच. मग ताप चढला आणि छाती घुरघुरायला लागली. गावातला डॉक्टर म्हणाला, न्युमोनिया आहे, इस्पितळात ठेवा. तीन दिवस ठेवलं. तो म्हणाला, मला घरी ने, इथे छताला पाली नाहीत, बघायला काही नाही. हट्टच धरला, म्हणून आणलं. तेव्हाही मला वाटत होतं उठेल. खरंच वाटत होतं. नाहीतर काहीही करून तुला कळवलं असतं.

सोमवारी त्याने मला विचारलं, 'साल्विंगला कळवलंस का?'

मी कळवलं नव्हतं. पण त्याचा चेहरा असा झाला होता, की तोंडाला आलं ते बोलून गेले. म्हटलं, 'कळवलं ना. ती निघालीये. शुक्रवारी पोचते.'

शुक्रवारच का, मला नाही सांगता येणार. जवळचा वाटला. तोपर्यंत बरा होईल आणि मग सांगू चेष्टा केली म्हणून, असं काहीतरी मनात होतं. आणि मानांग, त्याच्यात जीवच आला गं! मंगळवारी उठून बसला. वाटीभर पेज प्यायला, वर सुकी मासळी मागितली. तियाय मोनांग आली तर तिला म्हणाला, 'माझी मोठी येतेय, शुक्रवारी. विमानाने.' कोणी डोकावलं की हेच. मला म्हणाला, तिची चटई उन्हात टाक, तिची उशी बघ. मी टाकली. काय करणार? त्याच्या समोर अंगणात तुझी चटई वाळत घातली, आणि तो खिडकीतून बघत होता.

तुझं नाव घेतलं का विचारतेस. दुसऱ्या कोणाचं घेतलंच नाही त्याने. दिवसभर औषध मी द्यायची, पाठ मी पुसायची, आणि डोळे मिटले की तो म्हणायचा, 'साल्विंग, पाणी.' मी 'हो ताताय' म्हणून पाणी द्यायची. एकदाही म्हटलं नाही की मी मिनिंग आहे. वाईट वाटलं का? वाटलं. तुला खोटं कशाला सांगू? आता आणखी एक खोटं सांगायची ताकद नाही माझ्यात.

बुधवारी दुपारी जरा हुशार वाटला. आजारपणात दाढी वाढली होती, पांढरी, कानापर्यंत. म्हटलं, पाणी तापवते, दाढी करू, बरं वाटेल. साबण, वस्तरा घेऊन बसले तर त्याने माझा हात बाजूला केला. म्हणाला, 'आज नको. आज केली तर शुक्रवारपर्यंत परत खुंट येतात. साल्विंगला टोचतात.' तू लहान असताना तो गालाला गाल घासायचा आणि तू किंचाळायचीस, ते त्याच्या डोक्यात होतं. म्हणाला, 'शुक्रवारी सकाळी कर. ती यायच्या आधी.'

गुरुवारी सकाळी मी पेज ढवळत होते. त्याने हाक मारली नाही, काही नाही. वाटी घेऊन आत गेले तर खिडकीकडे तोंड करून उजव्या कुशीवर होता. हात अजून गरम होता.

प्रेत सजवणारा माणूस दुपारी आला. सगळं करून झाल्यावर म्हणाला, दाढी काढतो आणि पावडर लावतो. मी त्याला हात लावू दिला नाही. सगळे म्हणाले, मिनिंग, अशी दाढी ठेवून माणसाला लोकांसमोर कसं ठेवणार? ठेवलं मी तसंच, रात्रभर.

शुक्रवारी सकाळी पाणी तापवलं. सगळ्यांना बाहेर काढलं. साबण लावला, गालावर, गळ्यावर, हनुवटीखाली जिथे त्याला कधी नीट जमायचं नाही तिथे. हळूहळू काढली. मग हाताची उलटी बाजू फिरवून पाहिली, दोन्ही गालांवर. एकही खुंट राहू दिला नाही, मानांग. तू आली असतीस तर टोचलं नसतं.

मिनिंग